हैबती उतेकराची तेरा कलमं

हैबती उतेकराचं माणसांबद्दलचं मत एकंदरीत वाईट होतं. ते सुधारावं म्हणून माणसांनीही कधी खास कष्ट घेतले नाहीत, त्यामुळे साठाव्या वर्षापर्यंत ते जसंच्या तसं टिकलं. धामणवाडीत कोणी त्याला सकाळी सकाळी "काय हैबती, बरा हायस ना?" असं विचारलं, तर तो आधी विचारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा आणि मग म्हणायचा, "काम काय हाय ते सांग." बहुतेक वेळा काम असायचंच.

धामणवाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पोटात. महाबळेश्वरची एसटी फाट्यावर सोडते, तिथून अर्धा तास चढ. साठ घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलूप आणि कुलपांच्या किल्ल्या मुंबईत. हैबतीची किल्लीही सव्वीस वर्षं मुंबईतच होती. तिथे एका क्रीडा मंडळाच्या ज्युडोच्या हॉलमध्ये तो शिपाई होता. सकाळी गाद्या अंथरायच्या, संध्याकाळी घाम पुसून उभ्या करून ठेवायच्या, कोणी चपला घालून आत आला तर त्याच्या अंगावर जायचं, एवढं त्याचं काम. नव्याण्णव साली तो निवृत्त होऊन गावी आला आणि गावाने परस्पर ठरवून टाकलं की हैबती मुंबईत ज्युडोचा मास्तर होता. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सव्वीस वर्षांत त्या गादीवर तो एकदाही खेळायला उभा राहिला नव्हता, गादीशी त्याचा संबंध झाडूपुरता. पण कोणी सरळ विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायला तो काही साधुसंत नव्हता.

नियम मात्र त्याला तोंडपाठ होते. हॉलच्या भिंतीवर काचेत लावलेली मराठी नियमावली होती आणि ती काच रोज पुसावी लागे. पुसता पुसता वाचून झालं, वाचता वाचता पाठ झालं. ज्युडोत माणसाला नुसतं पाडून भागत नाही. खाली पडल्यावर त्याचा हात असा कुलपात धरायचा की त्याने स्वतःच गादीवर थाप मारून शरण यावं. हैबतीला हे फार आवडायचं. जगात बाकी सगळीकडे हरलेला माणूस हरलो म्हणत नाही, इथे त्याला म्हणावंच लागतं, ही गोष्ट त्याला न्यायाची वाटे. त्याला खटकायचे ते नियमावलीतले दोनच शब्द: 'पंचाच्या मते'. पंचाच्या मते सामना धोक्याचा झाला, पंचाच्या मते डाव नीट बसला नाही. त्या दोन शब्दांच्या आडून कोणाचा पुतण्या जिंकतो आणि कोणाचा गडी रडत घरी जातो, हे त्याने भिंतीला टेकून सव्वीस वर्षं पाहिलं होतं. नियम चांगले आणि माणसं हरामखोर, असा निष्कर्ष काढून तो गावी परतला. गावी येऊन त्याला तो बदलावा लागला नाही.

गावात त्याची एकच जवळची, धाकटी बहीण आवडी. तिचा नवरा घरजावई म्हणून आला आणि लवकर गेला. तिचा मुलगा मंगेश तेवीस वर्षांचा, बारावी झालेला, अंगाने भक्कम आणि बोलायला कमी. हैबतीने गावात कोणाला तोंड भरून बरं म्हटलं असेल तर ते याला, तेही फक्त मनात. मंगेश रोज पहाटे फाट्यापर्यंत धावत जायचा आणि नदीतला वाटोळा दगड खांद्यावरून फेकायचा सराव करायचा. जूनच्या दहा तारखेला अलिबागला पोलीस भरती होती आणि धावणं, लांब उडी यांच्याबरोबर गोळाफेकीलाही गुण होते. मागच्या खेपेला तो चार गुणांनी राहिला होता. पुढच्या भरतीला वयात बसणार नाही म्हणून ही शेवटची. हे सगळ्या वाडीला माहीत होतं, कारण आवडी दुसरं काही बोलतच नसे.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात महापूजेला मुंबईकर आले. त्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी रामा. मुंबईत त्याला काय म्हणतात देव जाणे, गावात तो स्वतःला रामभाऊ म्हणवून घ्यायचा. त्याच्या कमरेला मोबाईल होता. त्या मोबाईलला पोलादपूरच्या स्टँडवर गेल्याशिवाय रेंज मिळत नसे, पण बोलताना मधेच तो काढून बघायचा, चेहरा गंभीर करायचा आणि परत अडकवायचा. महापूजेला दर वर्षी कबड्डीचे सामने व्हायचे. त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी पंचाने गडी बाद दिला की नाही यावरून मारामाऱ्या झाल्या. शेजारच्या चार गावांशी बोलणं तुटलं, एका पंचाला तर शेतातून पळून जावं लागलं.

"या टायमाला काहीतरी न्यू करूया," रामाने देवळातल्या बैठकीत जाहीर केलं. "ज्युडोसारखं. टीममध्ये. आपल्या घरात मास्टर हाय की."

सगळे हैबतीकडे बघायला लागले. हैबती खांबाला टेकून बसला होता.

"पंच लागणारच नाय असा खेळ हाय," तो म्हणाला. "जो हरला त्यानंच सांगायचं, मी हरलो. भांडणार कशावर?"

बैठकीला हे लगेच पटलं. धोंडू पाटलाने मान हलवली. गावात पाटलाने मान हलवली की ठराव पास झाला असं समजण्याची पद्धत आहे, मग ती मान त्याने माशी बसली म्हणून का हलवलेली असेना.

हैबतीने तीन दिवस बसून नियम लिहिले. अक्षर त्याचं सुरेख होतं. एकूण तेरा कलमं झाली. संघ पाच जणांचा. पाच नावांची क्रमवार चिठ्ठी आधी द्यायची, ती नंतर बदलायची नाही. दोन्हीकडचा पहिला गडी आधी उतरेल, जिंकेल तो गादीवर राहील, हरेल तो बसेल आणि त्याचा पुढचा गडी उठेल. सहा मिनिटांत निकाल लागला नाही तर दोघांनीही बसायचं. ज्या संघाचे पाचही बसले तो हरला. बोटं पिरगाळायची नाहीत, गळा दाबायचा नाही, चावायचं नाही. खेळाडूचा मोकळा हात गादीवर दोनदा पडला की हार. किंवा त्याच्या संघप्रमुखाने गादीवर टॉवेल टाकला की हार. आणि तेरावं कलम त्याने जाड अक्षरात लिहिलं: पंचाने सामना सुरू करावा, वेळ बघावी आणि थापा मोजाव्यात. पंचाला मत नाही.

पंच म्हणून महाडच्या एका शाळेतले खेळाचे शिक्षक निषाद सर यायचे होते. तरुण, चष्मेवाले, शर्ट खोचणारे. ते आदल्या दिवशीच येऊन कागद वाचून गेले आणि तेराव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "काका, बाकी उत्तम आहे. पण धोका दिसला तर पंचाला सामना थांबवायचा अधिकार हवा. हाताचं कुलूप आहे हे. कोपर निखळायला वेळ लागत नाही."

"थोपटायला हात हाय ना त्याला?"

"एखादा नाही थोपटला तर?"

"नाय थोपटला तर टॉवेल हाय." हैबतीने कागद परत घेतला. "सर, आज तुम्ही धोका बघून थांबवाल, उद्या दुसरा कोण पाव्हण्याचा गडी बघून थांबवील. तुम्हांला मत कशाला पायजे? दोनापर्यंत मोजता येतं ना?"

निषाद सरांचे कान लाल झाले. शिकलेल्या माणसाला असं गप्प केल्याचा हैबतीला एवढा आनंद झाला की त्या दिवशी तो जेवताना दोनदा आपल्याशीच हसला. एवढ्या हुशार हैबतीच्या ही गोष्ट ध्यानात आली नाही की माणसं हरामखोर आहेत म्हणून ज्याने पंचाच्या हातातून दोरी काढून घेतली, त्याने ती तेवढ्याच हरामखोर दुसऱ्या माणसाच्या हातात दिली होती. टॉवेल कोणाच्या खांद्यावर असणार, हे धामणवाडीत शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

संघप्रमुख अर्थात धोंडू पाटील. आयुष्यात तो कोणाशी हातघाईवर आला असेल तर फक्त लग्नाच्या पंगतीत. मंडळाने त्याला जरीच्या काठाचा नवा पांढरा टॉवेल दिला आणि तो खांद्यावर टाकून पाटील दोन दिवस वाडीभर फिरला. चिठ्ठीतला क्रमही त्यानेच ठरवला, आणि तो कसा ठरवला हे सांगायला हवं. शिमग्यात पालखीला खांदा द्यायचा जो क्रम, तोच. पहिला मान पाटलाच्या घराचा, म्हणून पहिलं नाव त्याच्या थोरल्याचं. दुसरा मान गुरवाचा. तिसरं आणि चौथं नाव मुंबईकर मानकऱ्यांच्या मुलांचं, जे वर्षातून आठ दिवस गावात असतात आणि त्यातले चार अंगणात पत्ते खेळत काढतात. मंगेशचा बाप घरजावई, म्हणजे त्या घराला खांदाच नाही. त्याचं नाव पाचवं.

"हा काय क्रम झाला?" हैबती म्हणाला. "मंगेशला पहिला उभा करा. ताजा असताना तीन तरी लोळवील."

"आणि माझ्या पोराने त्याच्या मागून जायचं?" पाटलाने विचारलं.

"पहिला जाणारा पहिला मार खातो, पाटील."

"मार खाऊ दे. पण पहिला."

बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुठे खेळ आणि कुठे पालखी, पण साठ घरांच्या गावात एकालाही यात वावगं वाटलं नाही. हैबतीने कपाळावर हात मारला आणि चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

समोर संघ आला तो महाड तालुक्यातून, रायगडच्या पायथ्याकडून. जवळच्या गावांशी कबड्डीमुळे बोलणंच नव्हतं, तेव्हा लांबचाच मिळणार. हिरकणीवाडीच्या अलीकडच्या पलीकडच्या वाड्यांतले पाच जण होते. रोपवे होण्याआधी त्यातले दोघे डोली खांद्यावर घेऊन गड चढायचे. त्यांचा क्रम वजन आणि दम बघून लावलेला, हे त्यांच्या पोटऱ्यांकडे बघूनच कळत होतं. शेवटचा चाळिशीचा डोलीवाला, शांत चेहऱ्याचा, वाटेत फाट्यावरच्या सगळ्यांना रामराम करत आलेला.

देवळापुढच्या खळ्यात हैबतीने गोण्यांत भाताचा पेंढा भरून, गोण्या एकमेकींना शिवून, वर ताडपत्री ताणून गादी केली होती. दुपारी चारला सामना. तीनपासून तो काठी घेऊन कडेला उभा. मुंबईकरांची पोरं चपला घालून गादीवरून गेली की तो ओरडायचा, "चपला काढा रे, बापाचा बिछाना नाय हा." खुद्द रामालाही त्याने मोबाईलसकट खाली उतरवलं.

सामन्याचं वर्णन थोडक्यात उरकतो, कारण पहिली वीस मिनिटं वर्णन करण्याच्या लायकीची नव्हती. पाटलाच्या थोरल्याने समोरच्या गड्याने नुसतं मनगट धरताच दोनदा थाप मारली. कुलूप बसायचं होतं अजून. तो उठून असा रुबाबात परतला की नंतर आलेल्यांना तो जिंकला असंच वाटलं. गुरवाच्या मुलाने मात्र समोरच्याच्या कमरेला मिठी मारून सहा मिनिटं काढली आणि दोघेही बसले. तिसऱ्या नावाचा मुंबईकर पडला तो उठलाच नाही, दोन थापा मारून पोटात गोळा आला म्हणाला. चौथ्याने त्यांच्या दुसऱ्या गड्याचा पाय धरून ठेवला. तो सोडवत राहिला, हा धरत राहिला आणि सहा मिनिटं संपली. आता त्यांचे तिघे शिल्लक होते आणि धामणवाडीचा एकटा मंगेश.

मंगेश उठला तेव्हा पाटील त्याच्याजवळ गेला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मंगेश, जिंकलास तर पुढच्या शिमग्याला पालखीला खांदा तुझा. देवळासमोर सांगतो."

बायकांत बसलेली आवडी उभी राहिली. तेवीस वर्षं जे तिच्या घराला मागूनही मिळालं नव्हतं, ते आता चार मानकरी लोळल्यावर आपण होऊन पुढे आलं होतं. हैबतीच्या मनात शिवी आली. मंगेशच्या चेहऱ्याकडे बघून ती त्याने गिळली.

मंगेशने पहिल्याला दोन मिनिटांत थोपटायला लावलं. दुसऱ्याला पाच मिनिटं लागली. तोवर त्याच्या छातीचा भाता झाला होता आणि पायांत थरथर दिसत होती. मग डोलीवाला उतरला. त्याने घाई केली नाही. दोन मिनिटं तो मंगेशला नुसता पेलत राहिला, मग त्याला खाली घेतलं, त्याचा उजवा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये धरला, मनगट छातीशी आवळलं आणि मागे कलला.

हे कुलूप हैबतीने मुंबईत हजारदा पाहिलं होतं. त्यातून सुटका नसते. दर वेळी कोणीतरी निमूट थोपटलं होतं आणि नंतर कोपर चोळत पाणी प्यायला गेलं होतं.

मंगेश थोपटेना. त्याचा डावा हात मोकळा होता आणि त्याने तो मुठीत आवळून पोटाशी धरला होता, जणू तो चुकून गादीवर पडू नये. दात आवळलेले. गाव ओरडत होतं, "सोडू नको, मंगेश, सोडू नको." ज्याने स्वतः मनगट धरताच थोपटलं होतं त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"थोपट रे बाबा," खालून डोलीवालाच म्हणाला. "जाईल हात. थोपट."

निषाद सर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी मान वळवून टेबलाशी बसलेल्या हैबतीकडे पाहिलं. "काका, थांबवू का?"

हैबतीच्या समोर कागद होता. तेरावं कलम जाड अक्षरात. त्याने पाटलाकडे बघून हाक दिली, "पाटील, टॉवेल टाका."

"तीन मिनिटं हायेत अजून," पाटील म्हणाला. "पोरगा सुटंल."

"त्याची भरती हाय पाटील, दहा तारखेला. टाका टॉवेल."

"गावाची इज्जत हाय का नाय?" असं म्हणून धोंडू पाटलाने खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि ती बुडाखाली घालून खुर्चीवर बसला. जरीचा काठ बाहेर लोंबत राहिला.

कोपरातून कसलासा बारीक आवाज आला. तो हैबतीला ऐकू आला की भास झाला, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. तो उठला आणि चपलांसकट गादीवर गेला. मुंबईत सव्वीस वर्षं आणि इथे दुपारपासून लोकांना गादीखाली उतरवणारा माणूस चपला घालून पेंढ्यावरून फताफता चालत गेला, मंगेशच्या डाव्या बाजूला बसला, त्याची आवळलेली मूठ दोन्ही हातांनी ओढून काढली आणि गादीवर आपटली. एकदा आणि परत एकदा.

"थापा मोज," तो निषाद सरांना म्हणाला.

सरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. खेळाडूचा मोकळा हात गादीवर दोनदा पडला की हार, असं कागदावर होतं. कोणी पाडला हे कागदावर नव्हतं.

"दोन," सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली. डोलीवाल्याने हात सोडला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर हैबतीला काय काय ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. घरभेदी हा त्यातला सौम्य शब्द. पण ते लोकांचं होतं आणि लोकांकडून त्याची कधी मोठी अपेक्षा नव्हती. मंगेश कोपर धरून उठून बसला, ते मात्र त्याला लागलं. मंगेशच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "मी सुटत होतो."

एवढं बोलून तो गेला. आवडीने त्याच्या कोपराला आंबेहळद लावली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर हैबती भेटला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बरं केलंस, दादा." म्हणण्याआधी आजूबाजूला कोणी नाही ना, हे तिने बघून घेतलं.

रामा मुंबईला परतला आणि तिथे चौकशी करून महिन्याभरात त्याने गावाला कळवलं की हैबती मास्तर बिस्तर काही नव्हता, हॉल झाडायचा. गावाला ही बातमी फार गोड लागली. झाडूवाल्याच्या नियमांनी आपण हरलो, म्हणजे आपण हरलोच नाही, असा हिशेब चार जणांनी देवळाच्या पायरीवर बसून जुळवला. हैबतीला बैठकीचं बोलावणं बंद झालं. त्याने ते मनावर घेतलं नाही असं तो दाखवायचा. पण मंगेश समोरून येताना दिसला की तोच वाट सोडून बांधावरून जायचा.

मंगेशचं कोपर दहा दिवस सुजलेलं होतं. अलिबागला त्याने गोळा फेकला, तो गेला तेवढाच गेला, आणि धावण्यात त्याने बाकीचं भरून काढलं. यादीत नाव आलं तेव्हा आवडीने साठ घरांत पेढे वाटले. कुलूपवाल्या घरांच्या शेजाऱ्यांकडेही ठेवले. भावाकडे पेढा आला नाही. मंगेशनेच नको म्हटलं, असं नंतर कळलं.

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. त्याच्या पुढच्या, दोन हजार चारच्या महापूजेला मंडळाने ती पुन्हा ठेवली, कारण मधल्या वर्षी परत कबड्डी ठेवली आणि परत डोकी फुटली. नियम तेच हवे होते आणि सुवाच्य लिहून देणारा माणूस तोच होता. रामा आला. त्याचा मोबाईल आता लहान झाला होता, रेंज तेवढीच.

"एक कलम वाढवायचं हाय, हैबतीकाका," तो दुसरीकडे बघत म्हणाला आणि चिठ्ठी पुढे केली. चौदावं कलम: सामना चालू असताना सामन्याशी संबंध नसलेल्या इसमाने गादीवर पाय ठेवू नये.

हैबतीने ते वाचलं. इसम कोण ते विचारायची गरज नव्हती. "कलम बरोबर हाय," तो म्हणाला आणि त्याच्यासमोरच ते सुरेख अक्षरात लिहून काढलं. रामाने जाताना मान खाली घातली, एवढं त्याच्या बाजूने नोंदवायला हरकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पाहुणा म्हणून मंगेशला आणलं होतं. महाडच्या बाजूला कुठेशी नेमणूक होती, तो वर्दीतच आला. गेल्या शिमग्यात पालखीचा खांदा त्याला मिळाला होता. त्यासाठी कोणाला हरवावं लागलं नाही. खाकी अंगावर चढली आणि त्याचा बाप घरजावई होता हे गाव एका रात्रीत विसरलं. धोंडू पाटील त्याला मंगेशराव म्हणत होता.

हैबती खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या गोण्या ठाकठीक करत होता. नियमांचा कागद देवळाच्या खांबाला लावला होता. मंगेश त्याच्यापुढे येऊन थांबला आणि बराच वेळ वाचत राहिला. तेराव्या कलमातली 'पंचाला मत नाही' ही शेवटची ओळ खोडलेली होती. चौदाव्याच्या खाली, मंडळाला न विचारता लिहिलेलं, पंधरावं होतं: धोका आहे असे पंचाच्या मते दिसल्यास पंचाने सामना ताबडतोब थांबवावा, कोणाचेही ऐकू नये.

दोन वर्षांत पहिल्यांदा मंगेश त्याच्याशी बोलला.

"हे कलम तेव्हा का नव्हतं, मामा?"

हैबतीने हातातली गोणी खाली ठेवली. "तेव्हा मी लय शहाणा होतो," तो म्हणाला.

मंगेशने उजवा हात लांब केला. तो कोपरात पुरता सरळ होत नव्हता, थोडासा कमी पडत होता. ज्याला ठाऊक नाही त्याच्या ध्यानातही आलं नसतं. हैबतीच्या आलं.

"त्या दिवशी मी सुटत नव्हतो," मंगेश हळू आवाजात म्हणाला.

तिकडून पाटलाची हाक आली. मंगेशरावांनी आता गादीवर येऊन नारळ फोडावा, लोक खोळंबलेत. मंगेश वळला आणि एक पाय गादीच्या कडेवर टाकणार, एवढ्यात हैबतीने त्याचं मनगट धरलं.

"बूट काढ आधी," तो म्हणाला. "मग जा."